भाऊसाहेबांचं लंडन

लंडनच्या भर रस्त्यात लंगोट कसून उभा असलेला लॉर्ड मराठीत फक्त एकाच लेखकाने आणला, आणि तो लेखक मी आहे. याबद्दल अजून कोणी माझा सत्कार केलेला नाही. कोणाला करायचाच असेल तर त्याने तो भाऊसाहेबांच्या नावाने करावा, कारण लॉर्डला लंडनात नेलं त्यांनी, मी त्याला फक्त बोलायला लावलं. लंगोट मात्र आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. तो एका शक्तिवर्धक चूर्णाच्या कंपनीचा होता.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी चिखलीत एका शाळेवर तात्पुरता मास्तर होतो. तात्पुरता म्हणजे उन्हाळ्यात बिनपगारी बसायचं आणि जूनमध्ये पुन्हा घेतात का याची वाट बघायची. घेणं न घेणं शाळेच्या कमिटीच्या हातात आणि कमिटी तेलवाल्या शेठच्या हातात. केसांना लावायच्या एका सुवासिक तेलाचे हे शेठ तालुक्याचे एजंट होते. माणूस वाईट नव्हता. रस्त्यात भेटला की "काय मास्तर, बरं चाललं न?" असं विचारायचा आणि उत्तर यायच्या आत चार पावलं पुढे गेलेला असायचा.

भाऊसाहेब हे तिथल्या एका चार पानी साप्ताहिकाचे मालक, संपादक, बातमीदार आणि मुद्रितशोधक. कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचा प्रेस होता. पन्नाशी उलटलेली, बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. वैशाखातही अंगात काळा कोट. अंक निघायच्या आदल्या दिवशी ते प्रेसच्या दारात उभे राहून सगळी प्रुफं मोठ्याने वाचत. येणारे जाणारे थांबत, पूर्ण अंक फुकट ऐकत आणि घरी जात. एवढं चांगलं साप्ताहिक असून लोक ते विकत का घेत नाहीत, हे कोडं त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही.

वाचकांची पत्रं येत नसत, म्हणून ती तेच लिहीत. एका आठवड्यात 'एक त्रस्त नागरिक' गावातल्या डुकरांबद्दल तक्रार करी. पुढच्या आठवड्यात 'एक समाधानी नागरिक' त्याला खडसावी. एकदा हे दोघे इतके हातघाईवर आले की भाऊसाहेबांनी संपादक या नात्याने दोघांनाही सभ्यतेची जाणीव करून दिली आणि पत्रव्यवहार बंद केला. त्यानंतर दोन दिवस ते खरोखरच कोणावर तरी रागावल्यासारखे होते.

लिहिताना त्यांची भाषा अशी की शब्दकोश लागावा, आणि बोलताना अस्सल वऱ्हाडी. त्यांचं एक वाक्य होतं, "छापलं म्हंजे झालं." लोकांना वाटे, हे अंक वेळेवर निघाल्याबद्दलचं समाधान आहे. तसं नव्हतं. जे छापलं ते घडलंच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. एकदा एका विहिरीच्या नव्या कठड्याचं उद्घाटन थाटात झालं असं त्यांनी आधीच छापून टाकलं आणि ऐन वेळी पाहुणे तापाने आडवे झाले. कार्यक्रम रद्द झाला. भाऊसाहेब ठरल्या वेळी एकटेच नारळ घेऊन विहिरीवर गेले, फोडला, चार वाक्यांचं भाषण केलं आणि पाणी भरणाऱ्या बायकांना खोबरं वाटून परत आले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मंग काय करता? अंक तं निंघून गेलता."

अशा माणसाने मला एके संध्याकाळी सांगितलं, "मास्तर, आपल्याले एक सचित्र हेरकथा पाह्यजे. मारामारी, पाठलाग, सगळं. दर हप्त्याले. तुम्ही लिवा."

मी तेव्हा वेळ जात नाही म्हणून त्यांची प्रुफं तपासत असे. लेखक व्हायची हौस होतीच. तरी मी विचारलं, "चित्रं कोण काढणार?"

"काढाले कायले पाह्यजे? आहेत न," असं म्हणून त्यांनी टेबलाखालून एक लाकडी पेटी ओढली आणि जमिनीवर उपडी केली.

पेटीत जाहिरातींचे ब्लॉक होते. त्या काळी कंपन्या आपल्या मालाच्या जाहिरातीचे ठसे गावोगावच्या एजंटांकडे पाठवत आणि एजंट ते प्रेसवर आणून टाकत. तेलाच्या जाहिरातीतला मिशीवाला होता. त्याचे केस असे चकचकीत की माशी घसरून पडावी. तो झाला इन्स्पेक्टर रॉबर्ट. चूर्णाच्या जाहिरातीतला दंड फुगवलेला पैलवान, तो लॉर्ड विल्सन. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला धोतरातला शेतकरी, तो लॉर्डचा माळी जेम्स. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची, छातीवर हात ठेवलेली बाई, ती लेडी विल्सन. आणि एक छत्रीवाला गृहस्थ होता. छत्र्यांचं ते दुकान अकोल्याला उठून गेलं होतं, म्हणून गावात त्याचं कोणी उरलं नव्हतं. त्याचा खून करायचं ठरलं.

"पण लंडनच कशाला?" मी म्हणालो. "आपल्या चिखलीत घडवू."

"चिखलीत खून दाखोला तं लोक विचारतीन, कोनाच्या घरी झाला? कोन्या जातीचा होता? लंडनातून कोनी भांडाले येत नाही."

हेरकथा कशाने बिघडते यावर शहरातले जाणकार बरंच काही बोलतात. मी तीस आठवडे भोगलं आहे, मला विचारा. ती जागेने आणि माणसांनी बिघडते. कथानक बिचारं निमूटपणे त्या दोघांच्या मध्ये उभं राहतं आणि मार खातं.

आमचं लंडन असं होतं. सरकी काढायच्या जिनिंगचं धुराडं म्हणजे लॉर्डसाहेबांचा राजवाडा. पोळ्याच्या शुभेच्छांचा झूल घातलेला बैल म्हणजे लंडनची रहदारी. वाहनं दोनच, एक ट्रॅक्टर आणि एक लेडीज सायकल. इन्स्पेक्टर रॉबर्टने जे जे थरारक पाठलाग केले ते सगळे या सायकलवरून केले आणि ट्रॅक्टर त्याच्या हातावर तुरी देऊन निसटत राहिला. धुक्याबद्दल मी पानभर लिही आणि खाली चित्रात टळटळीत ऊन असे.

माणसांची तऱ्हा याहून न्यारी. इन्स्पेक्टर तेलाच्या जाहिरातीत हसत होता, म्हणून तो प्रेतापाशीही हसे, विधवेचं सांत्वन करतानाही हसे. लेडी विल्सनला आनंदाची बातमी मिळो की धमकीचं पत्र, तिला खोकला येतोय असंच वाटे. लॉर्डच्या लंगोटाचा खुलासा मला दर आठवड्याला करावा लागे, 'लॉर्ड विल्सन नुकतेच व्यायाम आटोपून आले होते.' तीस आठवड्यांत त्या लॉर्डने व्यायामाशिवाय दुसरं काही केलं नाही.

सगळ्यांत मोठी अडचण मला पाचव्या आठवड्यात कळली. पेटीतली सगळी माणसं उजवीकडे बघत होती. का ते देव जाणे, पण कंपन्यांनी झाडून सगळ्यांना उजवीकडेच बघायला लावलं होतं, आणि ब्लॉक काही उलटा करता येत नाही. त्यामुळे आमच्या कथेत कोणी कोणाच्या तोंडाकडे बघून बोललं नाही. इन्स्पेक्टर लॉर्डची उलटतपासणी घेई ती त्याच्या मानेकडे बघत. मारामारीत तर एक जण दुसऱ्याच्या पाठीमागे उभा, आणि दुसरा निवांत पुढे बघतोय. मी भाऊसाहेबांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "मोठ्या लोकायचं असंच असते, मास्तर. ते कोनाकडे पाहात नाहीत."

प्रेतासाठी मात्र सोपी युक्ती होती. ब्लॉक आडवा लावला की माणूस मेला. छत्रीवाले मिस्टर ब्राऊन उघडी छत्री हातात घेऊन आठवडेच्या आठवडे आडवे पडून होते. एकदा प्रेसमध्ये खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटर किसनदादांच्या हातून ते सवयीने उभे लागले. गावात खळबळ उडाली. ब्राऊन जिवंत आहे, त्यानेच सगळं केलं, अशा पैजा लागल्या. आमच्या कथेत तोवर आलेली ही एकमेव रहस्यमय घटना होती. मी म्हटलं, राहू द्या. भाऊसाहेबांनी पुढच्या अंकात चौकट टाकली, 'गतांकी कै. ब्राऊन हे अनवधानाने उभे दिसले. ते पूर्ववत मयत आहेत. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.'

एवढ्यावर भागलं असतं तरी मी कथा ओढून नेली असती. पण प्रत्येक चेहऱ्याला गावात एक मालक होता. मी लॉर्डवर संशय वळवला त्याच आठवड्यात चूर्णाचे एजंट असलेले वैद्यबुवा काठी टेकत प्रेसमध्ये आले. "भाऊसाहेब, लोक म्हनून राह्यले, हे चूर्न खाल्लं तं मानूस खून करते. काय लावलं हे?" लॉर्ड पुढच्या अंकात निर्दोष सुटला. मग लेडीवर आणला, तर तेच वैद्यबुवा, कारण खोकल्याचं औषधही त्यांचंच. मग माळ्यावर आणला, तर पंपाचे एजंट असलेले पाटील आले. ते फार सज्जन. नुसते खुर्चीवर बसून राहिले आणि जाताना म्हणाले, "माह्या घरच्यायले वाईट वाटलं." माळी सुटला. तेलवाले शेठ तेवढे कधी आले नाहीत. ते इन्स्पेक्टर होते ना. पोरंटोरं त्यांना रस्त्यात 'इन्स्पेक्टरसाहेब' म्हणून सलाम करत आणि ते खूश होऊन सलाम घेत. अशा रीतीने आमच्या हेरकथेत खून होता, प्रेत होतं, तपास होता, फक्त खुनी व्हायला कोणी मोकळं नव्हतं.

त्यातच भाऊसाहेबांनी मला न विचारता पानाच्या माथ्यावर छापायला सुरुवात केली, 'पोळ्याच्या अंकात खुनी सचित्र जाहीर होईल.' आठ आठवडे ही ओळ छापली जात होती.

पोळ्याच्या मागोमाग नगरपालिकेची निवडणूक होती. भाऊसाहेब तीनदा उभे राहून तीनदा पडले होते. त्यांना तिथे जाऊन काय करायचं होतं, तर बाजारात एक वाचनाची खोली उघडायची होती. बाकं असावीत, वर पत्रे असावेत, आणि बाजाराला आलेल्या माणसाने तासभर टेकून काहीतरी वाचावं. एवढ्यासाठी हा माणूस वीस वर्षं झुरत होता. निवडणुकीचा विषय निघाला की त्यांची थट्टा करायला जीभ वळत नसे, निदान माझी तरी. या खेपेला त्यांच्या वॉर्डात दोघेच उभे होते, ते आणि तेलवाले शेठ. माझंही मत त्याच वॉर्डात होतं, किसनदादांचं आणि पाटलांचं दुसऱ्या. शेठला लोक कंटाळले होते. पाटील उघड भाऊसाहेबांच्या बाजूने फिरत होते. या वेळी भाऊसाहेब निवडून येतील असं गाव म्हणत होतं, आणि ते ऐकून भाऊसाहेब कोटाची बटणं लावून हिंडत होते. पत्रकासाठी त्यांनी अकोल्याहून स्वतःच्या फोटोचा ब्लॉक करून आणला होता.

पोळा चार दिवसांवर आला तेव्हा दुपारी आम्ही तिघं प्रेसमध्ये बसलो. तिसरं पान रिकामं होतं आणि किसनदादा हात पुसत उभे होते.

"बिनचेहऱ्याचा खुनी करू," मी म्हणालो. "कोणी तरी अनोळखी. अंधारात येतो, अंधारात जातो."

"सचित्र छापलं आहे आपन," भाऊसाहेब म्हणाले. "चित्र नाही तं खुनी नाही."

"मग इन्स्पेक्टरलाच खुनी करा. ज्याच्यावर कोणाचा संशय नाही तोच निघाला पाहिजे. आणि शिवाय…" शिवायच्या पुढचं मी बोललो नाही, पण तिघांनाही कळलं. गावाच्या दृष्टीने इन्स्पेक्टर म्हणजे शेठ, आणि मतदान आठ दिवसांवर होतं. कथेवर माझं नाव कधीच छापलेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या अंगात भलतंच धैर्य होतं.

भाऊसाहेब म्हणाले, "शेठच्या पोरीचं लगन जमून राह्यलं मेहकरले. पाहुने विचारतीन, पोरीचा बाप कोन? लोक म्हनतीन, थो पेपरातला खुनी. हासून म्हनतीन, पन म्हनतीन. छापलं म्हंजे झालं, मास्तर. मांगून पुसता येत नाही."

"मग काय करायचं?"

त्यांनी कोटाच्या खिशातून कागदात गुंडाळलेला ब्लॉक काढला आणि किसनदादांपुढे ठेवला. तो त्यांचा स्वतःचा होता. "हा लावा. याच्या मांगं कोनी नाही. ना पोरगी, ना पाहुने."

किसनदादा म्हणाले, "भाऊसाहेब, निवडनूक आहे न."

"निवडनूक आठ दिवसावर आहे. पोळा चार दिवसावर आहे. आन् पोळ्याचं अगोदर छापलं."

मी त्यांना अडवायला हवं होतं. थोडंफार अडवलंही. पण तो ब्लॉक मी हातात घेतला आणि माझं लक्ष गेलं, त्यातले भाऊसाहेब डावीकडे बघत होते. फोटोवाल्याने त्यांना तसं बसवलं होतं. इन्स्पेक्टर उजवीकडे बघणारा आणि खुनी डावीकडे. तीस आठवड्यांत पहिल्यांदा आमच्या कथेतली दोन माणसं समोरासमोर येणार होती. लेखकाची जात फार हलकी. मी कागद पुढे ओढला.

तासाभरात लिहून झालं. चिखलीचा एक संपादक बोटीने लंडनला जातो आणि मिस्टर ब्राऊनला त्याच्याच छत्रीने मारतो. का, तर ब्राऊन त्याच्या साप्ताहिकाला हसला म्हणून. इन्स्पेक्टरपुढे तो कबुली देतो. ती कबुली लिहिताना मला धुकं लागलं नाही की राजवाडा लागला नाही. कापूस बाजाराची मागची गल्ली लिहिली, दारात उभं राहून वाचणारा माणूस लिहिला, थांबून ऐकणारे आणि वळल्यावर हसणारे लोक लिहिले. मला ठाऊक असलेली जागा आणि ठाऊक असलेला माणूस पहिल्यांदाच माझ्या हाताला लागला होता. भाऊसाहेबांनी प्रुफ वाचलं, या वेळी दारात उभं राहून नाही, टेबलापाशी बसून, मनातल्या मनात. म्हणाले, "जमलं. जराशीक जास्तच जमलं."

तो अंक संपला. पहिल्यांदाच संपला. लोक एकमेकांकडून मागून वाचत होते. शेठने पन्नास प्रती घेऊन वॉर्डात वाटल्या. त्यांनी तरी काय करावं, चित्रात ते हसतमुखाने गुन्हेगाराला पकडत होते आणि गुन्हेगार त्यांच्याविरुद्ध उभा होता. प्रचाराला आणखी काही करायची गरज उरली नाही. पोरं भाऊसाहेबांना बघून "खुनी, खुनी" म्हणून पळू लागली. ते कोटाची बटणं लावून प्रचाराला निघायचे आणि दोन गल्ल्यांतून परत यायचे.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी अजून कोणाला सांगितलेली नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी शेठ रस्त्यात भेटले. "काय मास्तर, बरं चाललं न?" म्हणाले आणि या वेळी थांबले. "यंदा तुमचं कायमचं पाहू." दुसऱ्या दिवशी मी पडद्याआड मतपत्रिका घेऊन उभा होतो. मतदान गुप्त असतं. माझं मत शेठना कळणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. भाऊसाहेबांनाही कळणार नव्हतं, हे त्याहून जास्त ठाऊक होतं. मी शेठच्या नावापुढे शिक्का मारला. पुढच्या जूनमध्ये मला कायमची ऑर्डर मिळाली. तिचा आणि त्या शिक्क्याचा काही संबंध नव्हता, शेठ सगळ्याच तात्पुरत्या मास्तरांना तसं म्हणाले होते.

भाऊसाहेब दणदणीत पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी प्रेसवर गेलो तेव्हा ते दारात खुर्ची टाकून बसले होते. समोर मैनाबाई वांगी मांडत होती. ती रोज प्रेससमोर भाजी घेऊन बसे. तिला अक्षर येत नव्हतं, भाऊसाहेब दारात वाचत तेव्हा ती हेरकथा ऐके, शेवटचा भाग तेवढा किसनदादांनी तिला वाचून दाखवला होता.

"भाऊसाहेब," ती मान वर न करता म्हणाली, "मले पयल्या दिवसापासून तुमचाच शक होता."

भाऊसाहेब ताठ बसले. तिसाव्या अंकापर्यंत ते कथेत नव्हतेच. "काऊन?"

"दर हप्त्याले तुम्हीच सांगत होते न, खुनी सापडून नाही राह्यला म्हनून. ज्यानं केलं त्यालेच ठाऊक."

भाऊसाहेब हसले. निवडणुकीनंतर पहिल्यांदा हसले असावेत. "आन् मत? मत कोनाले देल्लं?"

"तुम्हालेच देल्लं," मैनाबाई म्हणाली. "खून तं तुम्ही लंडनात केला. चिखलीत कोनाचं काय वाईट केलं?" आणि तिने वांग्यांवर पाणी शिंपडलं.

भाऊसाहेब खुर्चीतल्या खुर्चीत माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला तिकडे बघवेना.

"पाहा मास्तर," ते म्हणाले. "माह्यं एक, मैनाबाईचं एक, तुमचं एक. तीन तं पक्की आपली होती न?"

मी हो म्हणालो.